आमच्या घराण्याची श्रेयनामावली

आमच्या घराण्यात सिनेमाच्या पडद्यावर नाव झळकलेली मी पहिलीच, आणि ‘आपण संशयास्पद आहात’ असं एका वेबसाइटने लेखी कळवलेलीही मी पहिलीच.

पहिली असायची मला सवय आहे म्हणा. आम्ही पनवेलजवळच्या कोन गावचे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. (बाबांनी माझी पदवी फ्रेम करून टीव्हीच्या डोक्यावर टांगलीय. क्रिकेट बघायला आलेल्याला आधी ती वाचावी लागते.) पुढे मी सिनेमाच्या कलाविभागात सहायक झाले. म्हणजे पडद्यावर जी भांडी, जाळी, होड्या दिसतात, ती सगळी गोळा करून मांडायची. माझा पहिला सिनेमा करंजा बंदरावरचा. होडी आत्याची, टेम्पो काकांचा, सुके बोंबील आईचे; आणि एकेकाला फोन करून, प्रसंगी दम भरून हे सगळं जमवलं ते बाबांनी.

सिनेमा लागला तेव्हा पनवेलच्या थिएटरात आमच्याच दोन रांगा! शेवटी नावं सुरू झाली, माझं नाव आलं, आणि बाबा ताडकन उठून मागे वळले.

"ती माजी पोर! बी.ए. हाय!"

बाहेर निघालेली माणसं जागीच थांबली. आमच्या दोन्ही रांगा पडद्याकडे पाठ करून बाबांसाठीच टाळ्या वाजवत होत्या. पडदा काळा झाला तरी बाबांचं चालूच.

त्यानंतर एका मोठ्या मालिकेच्या कलादिग्दर्शक मॅडमचा फोन आला. "काम आवडलं तुझं. सोमवारपर्यंत तुझ्या पानाची लिंक पाठव. त्याशिवाय आमचे निर्माते नवीन माणूस घेत नाहीत."

पान म्हणजे काय, तर सिनेमावाल्यांची एक वेबसाइट आहे. कुणी कुठल्या सिनेमात काय केलं ते तिथे नोंदलेलं असतं. माझं पानच नव्हतं! लगेच लॅपटॉप उघडून बसले. बाबा चष्मा लावून मागे उभे.

"ह्यात आत्याचं नाव कुठं हाय?"

"बाबा, ही माझी नोंद आहे."

"आनि होडी काय तुजी व्हती?"

इथे एक सांगायला हवं. आमच्या भावकीतली प्रत्येक लग्नपत्रिका छापायच्या आधी बाबांच्या नजरेखालून जाते. एकदा एका चुलत काकांचं नाव राहिलं. ते लग्नाला आले, मांडवात ताठ बसले आणि न जेवता उठून गेले! वरात एकीकडे, काकांना आणायला गेलेले दुसरीकडे. तेव्हापासून बाबांचा कायदा एकच: नाव कुणाचंही राहता कामा नये.

"बाबा, ही पत्रिका नाही हो!"

"मंग? चार मानसं बघनार नायत काय?"

"चार काय, अख्खं जग बघेल."

"मंग तर कुनालाच सोडू नको!"

आणि मला ते पटलं. (पदवीचा उपयोग अशा वेळी होत नाही.) आत्याला टाकलं: वस्तुपुरवठा. काका: वाहतूक. आई म्हणाली, "माजं नको गो," म्हणून मी खरंच टाकलं नाही, तर दुपारचं कालवण अळणी! आईला टाकलं: खाद्यपदार्थ. तोवर करंजाच्या आत्याने बंदरभर बातमी फोडली आणि फोन सुरू झाले. मामा शूटिंगला एकदाच आले होते आणि बोट दाखवून म्हणाले होते, "ती जाली तिकडं टाक." मामा कलासल्लागार झाले.

मग बाबांनी विचारलं, "आनि सगल्यांच्या वर आजोबा?"

"आजोबा? सिनेमाच्या कितीतरी आधी गेले ते!"

"त्यांच्या आशीर्वादाबिगर झायलं काय हे?"

आता त्या वेबसाइटवर आशीर्वादाचा विभागच नाही. सगळ्यांच्या वर असतात ते निर्माते. कैलासवासी आजोबा निर्माते झाले!

"आणि तुमचं, बाबा?"

"मी काय केलं? फोनच तर केलं."

मी त्यांना गुपचूप ‘विशेष आभार’मध्ये घातलं आणि सगळं पाठवून दिलं.

सोमवारी सकाळी उत्तर आलं. आपल्या नोंदी पडताळता आल्या नाहीत. निर्मात्यांशी संपर्क होऊ शकला नाही. (होणार कसा!) आपलं खातं संशयास्पद असल्याने आपली स्वतःची नोंदही रोखून ठेवली आहे. फक्त एक नोंद मूळ सिनेमाशी जुळल्यामुळे मंजूर. विशेष आभार: बाबा!

मी सिनेमाचा शेवट पुन्हा लावून बघितला. माझ्या नावानंतर थोड्याच वेळात ‘विशेष आभार’खाली बाबांचं नाव आलं, ठळक, एकटं. म्हणजे बाबा थिएटरात उलटे उभे राहून माझं कौतुक सांगत होते, तेव्हा त्यांच्या पाठीमागून त्यांचंच नाव वर सरकत गेलं. आणि आम्ही कुणी वळून पाहिलं नाही.

तेवढ्यात मॅडमचा फोन. "लिंक कुठेय?"

मी सगळं सांगून टाकलं, पत्रिकेपासून आजोबांपर्यंत. पलीकडे मॅडम हसत सुटल्या.

"थांब थांब. होडी, टेम्पो, जाळी, बोंबील, सगळं तुझ्या एका खानदानातून आलं?"

"हो."

"माझी मालिका अख्खी बंदरावर आहे. उद्यापासून ये! पण निर्मात्यांना दाखवायला काहीतरी लिंक दे बाई."

त्या एका मंजूर नोंदीमुळे वेबसाइटवर बाबांचंच पान तयार झालं होतं. ते त्यांना दाखवलं. त्यांनी बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं. मग म्हणाले, "आत्याचं आदी पायजे व्हतं. ती मोठी हाय."

माझं पान अजूनही तपासणीतच आहे. म्हणून आजही कुणी लिंक मागितली की मी, घरातली एकुलती एक पदवीधर, बाबांच्या पानाची लिंक पाठवते आणि खाली लिहिते: ‘यांची मुलगी.’