शेवटचं घर ड्रोमोचं

आवो शोर्मे केंके विकायची. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे तिचे गोळे टेशी गावच्या किनाऱ्यावर नावाजलेले, आणि तिच्या तोंडाचा पट्टा त्याहून जास्त. आवो म्हणजे आई. तिला सगळेच आवो म्हणायचे. मी शेजारी मिरची विकायचे, मीही म्हणायचे.

जाळ्यांत मासळी येईनाशी झाली तशी तिने केंकेबरोबर टोमॅटोच्या रश्शातल्या बांगड्याचे डबे ठेवले.

"आवो, यातला मासा कधी मेला ते त्यालाच ठाऊक," मी टोमणा मारायचे.

"आणि तुझ्या मिरचीत माती किती ते तुला!"

त्या वर्षी होमोवोच्या सणाआधीची ढोलबंदी चालू होती. मका पेरला की देवांना शांतता लागते. ढोल नाही, भोंगा नाही, दवंडी नाही. नेमके तेव्हाच सरकारी अन्नखात्याचे लोक बाजारात आले. शहरातल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामावर धाड पडली होती. मुदत संपलेल्या डब्यांवर त्याने नव्या तारखेचे कागद डकवले होते. आत बांगडाही नव्हता, कसलीतरी स्वस्त मासळी होती, तीही नासलेली.

अधिकारी बाईंनी आवोच्या फळीवरच्या डब्याचा कागद नखाने सोलला. खालून जुना कागद निघाला. आवोचा चेहरा उतरला.

"कुणाकुणाला विकलेत, आवो?"

"अर्ध्या गावाला, बाळ."

डबे जप्त झाले. गावाला सावध करायला भोंग्याची गाडी निघाली, पण पुजाऱ्याच्या माणसांनी ती वेशीवरच अडवली. "बंदी म्हणजे बंदी," ते म्हणाले.

"माणसं मेली तर देव खूश होतील का?" बाई चिडल्या. मला विचाराल तर बाईंचं बरोबर होतं. पण गाडी काही आत आली नाही.

तेव्हा आवो उठली. "माल माझ्या हातून गेलाय. गिऱ्हाईक मलाच ठाऊक. मीच जाते."

दारोदार, हळू आवाजात, एकच सांगणं: "मी विकलेला डबा खाऊ नका. नासका आहे. परत द्या." कुणी शिव्या घातल्या, कुणी तोंडावर दार लावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मी टोपली घेऊन मागे होते, पण मान वर करवत नव्हती.

एक घर मात्र ती टाळत होती. ड्रोमोशी तिचा जुना अबोला होता, बाजारातल्या जागेवरून. ड्रोमो तिच्याकडचं काही घेत नसे. पण ड्रोमोचा नवरा लारिया जाळी सांधायला जाताना गुपचूप डबा न्यायचा. "बायकोला सांगू नकोस हं आवो, नाहीतर मलाच डब्यात भरेल!"

"आवो, ड्रोमोकडे जायचं ना?" मी विचारलं.

"शेवटी जाऊ. तिच्यापुढे मान खाली घालायची, तर आधी बाकीचं उरकू दे."

आम्ही पोचलो तेव्हा लारिया अंगणात ओकत होता. त्याला दवाखान्यात नेलं, पण तो वाचला नाही.

पुढे व्यापाऱ्याला तुरुंग झाला. जप्त डबे सरकारने खड्ड्यात चिरडून पुरले.

ढोलबंदीत मयतावर मोठ्याने रडायचं नसतं. ड्रोमो तोंडात कापड कोंबून बसली होती. आवो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. इतक्या वर्षांनी ड्रोमो तिच्याशी बोलली.

"सगळ्या गावाला सांगून झालं, मग माझं दार आठवलं?"

आवोने तिच्यापुढे मान खाली घातली.

होमोवोच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घरोघर जातो, हात मिळवतो, वर्षाची भांडणं मिटवतो. लारिया गेल्यापासून दरवर्षी आवो उजाडताच आधी ड्रोमोकडे जाते. मला ड्रोमोचा राग येत नाही, आवोचाही येत नाही. ड्रोमो दार उघडते, रीतीप्रमाणे पाणी देते. आवो हात पुढे करते. ड्रोमो तो घेत नाही. मग आवो पाणी संपवते, पेला खाली ठेवते आणि पुढच्या घरी जाते.