शेंदराखालची खूण

सरावलीच्या पुढची दगडखाण बंद पडून सात वर्षं झाली. खड्ड्यात पाणी साचलंय आणि काठावर खडी फोडायचा क्रशर तेवढा उभा आहे. तिथल्या कामगारांच्या पोरांनी ठरवलं, क्रशरला कट्टा बांधायचा आणि शेजारी फलक लावायचा: ‘आपले इंजिनिअर’.

पुंडलिक तेवीस वर्षं या क्रशरवर फिटर होता. त्याचं एकच मागणं, फलकावर त्याच्या गुरूचं, मंगळ्यामिस्त्रीचं नाव यावं. मोठ्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गाभा, तडकला तेव्हा बाहेरून आलेल्या साहेबांनी मशीन भंगारात काढायला सांगितलं होतं. मंगळ्या शाळेची पायरी न चढलेला. त्यानं लोखंडी कडं लालभडक तापवलं आणि बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तसं तुंब्यावर चढवलं. गार होता होता कड्यानं भेग अशी आवळली, की खाण संपेपर्यंत चाक थांबलं नाही.

“कागदावर साहेबांचंच नाव आहे, मामा,” मनीष म्हणाला. फलकाचं काम त्याच्याकडं होतं. “पेंटर उद्या येतोय. पुरावा काय?”

“खूण हाय ना! सही येत नव्हती त्याला. छन्नीचे तीन उभे घाव, एक आडवा. कड्यावरच.”

“मग दाखवा.”

पुंडलिक इथंच अडला. त्याच कड्यावर दर दसऱ्याला त्यानं शेंदूर लावला होता. थरावर थर, बोटभर जाड. देवीच झाली होती तिथं. देवीचं कवच आपोआप गळतं, माणसानं हात लावायचा नसतो. आणि न लावावा तर गुरूचं नाव बुडतं.

घरी बायकोला, बायडीला, विचारलं. ती तांदूळ निवडत होती. “लावताना मला विचारलं व्हतं? आता काढताना बरी आठवण झाली!”

सकाळी नारळ फोडून, क्षमा मागून त्यानं करवंटीनं शेंदूर खरवडला. खपली एकसंध सुटली. खाली कडं कोरं. ओरखडासुद्धा नाही.

तो चक्रावलाच. कडं चढवताना सांडशी तर आपणच धरली होती! की खूण केल्याचं नुसतं ऐकलं, आणि पाहिलंसं वाटत राहिलं? देवी उघडी पडली ती पडली, वर मिस्त्रीही हातचा गेला. पेंटर डबा ढवळत होता. मनीष पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता.

तेवढ्यात बायडी आली. पाड्यावर जाऊन मंगळ्याच्या म्हाताऱ्या बायकोला, जिवलीला, घेऊनच आली होती.

“तोंडावर मिरवणारा व्हता काय तो?” जिवली करवादली. “माझ्या फुंकणीला खूण केली ती पण खालच्या अंगाला. मागं हात घाल, पुंडल्या.”

पुंडलिकानं कड्याच्या मागच्या अंगाला बोटं सरकवली. एक, दोन, तीन. आणि आडवा.

मनीषनं मोबाइल आत घालून फोटो काढला, निरखला आणि पेंटरला म्हणाला, “सगळ्यात वर घे. मंगळ्यामिस्त्री.”

पुंडलिकाला हसावं की रडावं कळेना. मग इतकी वर्षं पुढून हात जोडले ते कुणाला? बायडीनं शेंदराची वाटी पुढं केली. बोट बुडवून तो तसाच उभा राहिला. पुढं लावावा, की मागं?

“देवीला लाव,” जिवली म्हणाली. “त्याला नको. परत झाकशील.”