पाण्याकडे!!

आमच्या गावचं पर्यटन मी एकट्याने बुडवलं. (या कामात विरोधी पॅनेलचा काडीचाही वाटा नाही.)

युसूफ वडगावच्या पुढे, आमच्या माळावर, वहिनीने दोन खोल्या बांधल्या आणि शहरातल्या लोकांना सुट्टीत राहायला द्यायचं ठरवलं. दुष्काळ ऐन भरात! पहिलेच पाहुणे आले अंबाजोगाईचे निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या बाई. पिशवी खाली ठेवायच्या आत गुरुजींनी विचारलं, "फिरायला काय आहे?"

काय असणार? कपिलधारचा धबधबा लांब, आणि यंदा त्यातली धारच गेलेली!

मग वहिनीने शेळ्या राखणाऱ्या गंगूमावशीच्या पाया पडून तिचा झरा मागितला. नुसता बघायला! टेकडीमागे दगडात रांजणाएवढं कुंड. रात्रभर झिरपून पहाटे भरायचं. मावशीच्या वीस शेळ्या पावसापर्यंत त्याच्यावरच जगणार होत्या, आणि गावात ते वहिनीशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

"भाऊजी, पाहुन्यांपुरत्या दोन पाट्या लिवा," वहिनी म्हणाली. "बारक्या."

बारक्या! दोन वर्षं मी दूध सोसायटीच्या चेअरमनविरुद्ध पत्रकं काढत होतो. मला बारकं अक्षर येतच नाही. लाल रंगात, हातभर अक्षरांत लिहिलं, "पाण्याकडे!!" खाली बाण. आणि जिथे माणसं जमतात तिथे मजकूर लावायचा, हा आमचा नियम. पहिली पाटी लावली फाट्यावर, एसटीच्या थांब्याला.

सकाळी मी गुरुजींना घेऊन निघालो. गळ्यात त्यांची दुर्बीण. वाटेत घागरी, ड्रम लादलेल्या मोटारसायकली, चार बैलगाड्या आणि एक म्हैस.

"इथे जत्रा असते का हो?"

"रोज नसते," मी म्हणालो.

एवढ्यात मागून सोसायटीचा टँकर आला. माझेच बाण बघत! मी आडवा झालो. "हे पाणी गंगूमावशीच्या शेळ्यांचं आहे!"

चेअरमन खाली उतरले. "का रं? 'पाणी कुनाच्या बापाचं न्हाई,' हे तूच छापलंस न्हवं? वाचलंय आमी. पैल्यांदाच पटलं तुजं."

दोन वर्षांत मला मिळालेला हा पहिला जाहीर पाठिंबा! टँकरची सोंड कुंडात गेली आणि खर्रर्र करत चिखल ओढून बाहेर आली. बाईंनी फोटो काढला. दुपारच्या एसटीने दोघं परत. वहिनीने माझ्याशी बोलणं सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक पहाटेच रांगेत. शेळ्यांच्या वाट्याला ओला दगड. पाचव्या दिवशी मावशीने बिऱ्हाड बांधलं, लेकीच्या गावी, कालव्याकडे.

मी माफी मागायचं ठरवलं. मला येते त्याच पद्धतीने, पत्रक छापून! धावत जाऊन तिला वाटेत गाठलं. तिला वाचता येत नाही, म्हणून भर रस्त्यात खड्या आवाजात वाचलं: शासनाची अनास्था, टँकरवाल्यांची मक्तेदारी, सहकारातली सरंजामशाही... शेळ्यासुद्धा थांबल्या!

मावशीने शेवटपर्यंत ऐकलं. "लई चांगलं लिवलंस, लेकरा. पर ह्यात 'चुकलो' कुठं म्हनलास?"

मी पत्रक उलटंसुलटं करून शोधलं. नव्हतंच! निदान तोंडाने म्हणावं म्हणून मान वर केली, तर शेवटची शेळीही वळणाआड गेली होती.

काखेत पाचशे प्रती मात्र शिल्लक होत्या.