उत्तराच्या जागी वाहवा

ग्वाल्हेरला यायचं तर थंडीत ये आणि येताना स्वतःची रजई आण, असं माझी आतेबहीण सुमाताई दरवर्षी कळवायची. यंदा तिने जोडीला आमिषही लावलं. शेजारच्या इलियासचाचांच्या मुलीचं लग्न होतं. चाचा मूळचे पॅलेस्टाईनचे, बेथलेहेम गावचे ख्रिस्ती. लग्नात ते त्यांच्याकडचं अरबी गाणं म्हणणार होते. नाशकात तोच तो भूप घोटून माझ्या शिकवणीतल्या मुली मला विटल्या होत्या आणि मी त्यांना. निघालेच.

भुसावळला केळी घ्यावीत, इटारसीला चहा. झाशीपासून पुढे खिडकी उघडू नये, थंडी हाडात शिरते. ग्वाल्हेर स्टेशनाबाहेर पडाव नावाच्या भागात टांगे उभेच असतात. माझं बोलणं ऐकून टांगेवाला म्हणाला, "मराठी हो? तो लश्कर ही जाओगी." लश्कर म्हणजे शहरातला मराठी वस्तीचा भाग. भाडं आधी ठरवा, नाहीतर पस्तावाल.

सुमाताईचे सासरे दरबारात कारकून होते, घरात देव्हाऱ्यापासून लोणच्यापर्यंत सगळं दक्षिणेतलं, म्हणजे आपल्या मराठी मुलखातलं. धाकटा शाळेतून आला आणि ओरडला, "आई, भूक लगी है, लवकर वाढ ना!" मला हसू फुटलं. ताईला नाही फुटलं. "रोज ऐकलंस की हसणार नाहीस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला पाहिला. चढ दमवणारा आहे, पाणी बरोबर ठेवा. दुपारी ताईने मला टोपी बाजारात चाचांच्या दुकानी नेलं. ते लाकडी पेट्यांवर शिंपल्याची नक्षी जडवतात. तरुणपणी ते आणि धाकटा भाऊ जिरिस सरदारांच्या वाड्यांतल्या कामासाठी इथे आले, तेव्हा त्यांच्या मुलखात तुर्कांचं राज्य होतं. पुढे तिथे इंग्रज आले. चाचांनी परत जायची परवानगी मागितली, तर नकार मिळाला.

"कहते हैं, तुम वहाँ के नहीं रहे," चाचा म्हणाले. "बाईसाहेब, माझ्या आईची कबर तिथे आहे."

त्यांच्याकडे लग्नात दोघे समोरासमोर उभे राहतात. एक जण जागच्या जागी कडवं रचतो आणि थांबतो. दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर रचायचं. चाचांना उत्तर द्यायला जिरिस असे, आणि तो दोन हिवाळ्यांपूर्वी वारला.

"मग आता?" मी विचारलं.

नवरी मुलगी मरियम चहा ओतत होती. "अरबी मैं समझती थी थोडा," ती म्हणाली. "काका गेले, मग घरात बोलायचं कोणाशी? बाबा तो काम में रहते हैं."

"मला एक उत्तर शिकवा, मी म्हणते," मी उत्साहाने बोलून गेले.

चाचा हसले. "सवाल अभी बना कहाँ है? पण हे ग्वाल्हेर आहे. इथे गाणं कळतं. कोणी तरी काही तरी उत्तर देईल, कोणत्याही भाषेत देऊ दे. नाहीतर मुलीचं लग्न मुकं होईल."

मुरार छावणीतल्या चर्चमध्ये लग्न लागलं, जेवणाचा मांडव चाचांच्या दारात. पुऱ्या, बटाट्याचा रस्सा आणि तुपाने निथळणारे मोतीचुराचे लाडू. मग चाचा उभे राहिले. समोर एका माणसाची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. कडवं उंच स्वरात सुरू झालं, त्यात मरियमचं नाव दोनदा आलं, आणि चाचा थांबले.

"वाह! क्या बात है!" पुढच्या रांगेतले जाणकार डोलले.

चाचांनी दुसरं कडवं म्हटलं. आवाज आता विनवणीचा होता. पुन्हा थांबले. पुन्हा वाहवा, अधिक मोठी. त्या शहराला गाण्यातली जागा बरोबर ओळखता येते, आणि त्या जागी काय करायचं हे लहानपणापासून ठाऊक असतं. माझ्याही तोंडून "वा" निघालंच होतं. मग मरियमकडे लक्ष गेलं. ती ओठ हलवत होती, पण शब्द येत नव्हते.

तिसऱ्या कडव्यानंतर चाचा स्वतःच चालत त्या मोकळ्या जागेवर गेले, तोंड फिरवलं आणि जाड आवाजात उत्तर दिलं. लोकांना मोठी गंमत वाटली, टाळ्या पडल्या. बँडवाल्यांना वाटलं, संपलं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. चाचा त्या गोंगाटात तिथेच उभे होते. मला इतकं असहाय क्वचितच वाटलं असेल.

निघायच्या दिवशी मी दुकानी गेले. मरियम झाशीला सासरी गेली होती. मी विचारलं, "जिरिसच्या जागेवरून काय म्हणालात?"

"उत्तर बनवायला गेलो," ते म्हणाले, "पण जिरिस काय म्हणाला असता ते सुचेना. वही अपना सवाल दोहरा दिया."

त्यांनी पुन्हा पेटीवर शिंपला बसवायला घेतला. मी तिळाच्या गजकाचा पुडा त्यांच्यापुढे ठेवला आणि बाहेर पडले.

नाशकाला घरी आल्यावर यजमानांनी विचारलं, ग्वाल्हेर कसं आहे? मी किल्ला सांगितला, लाडू सांगितले, ताईचा धाकटा कसा बोलतो ते सांगितलं. मग चाचांचं सगळं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत, आणि थांबले. ते काय म्हणतात याची मी वाट पाहत होते.

"वा," ते म्हणाले, "छान झाली की तुझी सहल."