आधी नावं, मग बिबट्या

माझ्या धाकट्या मामांएवढ्या आदरानं जगात कुणीही व्हिडिओचा सत्यानाश केलेला नाही. इनामगावात घोडनदीकाठी त्यांचं रान, रानात ऊस आणि उसात बिबट्या. एवढं भांडवल हाताशी असताना एखादं शेंबडं पोरही व्हायरल झालं असतं. मामा झाले नाहीत, कारण लग्नाच्या मांडवात माईक धरून पाहुण्यांची नावं घेण्यात त्यांची हयात गेली. नवरा-नवरी ताटकळलेली, मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या, आणि मामा आजी-माजी सरपंचांपासून सोसायटीच्या संचालकांपर्यंत एकेकाचं स्वागत करतायत. एकदा भटजी कळवळून म्हणाले, "अहो, मुहूर्त टळला!" मामांनी माईकवरूनच ऐकवलं, "मुहूर्त उद्या बी येतोय, महाराज. रुसल्यालं मानूस येत न्हाई."

मोबाईल हातात आला तरी खोड तीच. एकदा भरदुपारी बिबट्या चक्क बांधावर बसलेला, मामांपासून हाकेच्या अंतरावर. दुसरा पळाला असता. मामांनी कॅमेरा स्वतःच्या तोंडाकडे वळवला, टोपी नीट केली आणि सुरुवात केली, "सर्वप्रथम, आपले मार्गदर्शक..." मार्गदर्शक संपून उपसरपंच लागले तेव्हा बिबट्यानं जांभई दिली, असं मामा शपथेवर सांगतात. तरुण मंडळाच्या कार्याध्यक्षांपाशी तो कंटाळून उठला. व्हिडिओत शेवटी हलणारा ऊस तेवढा दिसतो.

आता मी शिरूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत पहिली. हे मी सांगणारच, अकरावीपासून पाच वर्षं दुधाच्या टेम्पोतून गेलेय त्यासाठी. व्हायरल होण्याचं सगळं शास्त्र मी वाचून काढलं होतं. मामांना म्हटलं, "पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरायचा असतो. आधी बिबट्या दाखवा, मग नावं घ्या."

"व्हय, ग्रॅज्युएटबाई. आन् उद्या माझ्या मयतीला खांदा द्यायला बिबट्या येनार का?"

यापुढे शास्त्र चालत नाही. मी नाद सोडला.

मग एके दिवशी शिरूरच्या बाजारातून थोरले मामा हरवले. दोन-तीन वर्षांपासून त्यांना विसर पडत होता. पोरांची नावं गेली, मग घरची वाट गेली. धाकटे मामा बियाण्याच्या दुकानात वळले तेवढ्यात हे चालू लागले. पोलिसांत कळवलं, स्टँड, देवळं, दवाखाने पालथे घातले. पत्ता नाही.

दुसऱ्या सकाळी मी व्हिडिओ केला. बारा सेकंदांचा. फोटो, फोन नंबर, मागं हळवं संगीत. एकदम शास्त्रशुद्ध. आणि अंगणात मामा स्वतःचा करत उभे. रडून डोळे सुजलेले, पण टोपी कडक. "सर्वप्रथम, केंदूरचे आपले सोपानतात्या..."

मी ओरडले, "मामा, माणूस हरवलंय! नावं राहू द्या की आज!"

"मानूस हरवलंय म्हनूनच घेतोय," मामा म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. केंदूर झालं, पाबळ झालं, दौंड झालं. नाव एकही सुटलं नाही. भावाचा फोटो आला पाचव्या मिनिटाला.

माझ्या व्हिडिओला वर्गातल्या मैत्रिणींनी रडके चेहरे पाठवले. तिथंच तो थांबला. मामांचा मात्र सुटला तो सुटलाच! सोपानतात्यांनी अख्ख्या भावकीला धाडला, "दुसऱ्या मिनिटाला माझं नाव हाय, ऐका." भावकीनं शेवटपर्यंत ऐकला, आणखी कुणाकुणाला घेतलंय ते बघायला. ज्यांची नावं मामांना ठाऊकच नव्हती, त्यांनी तर दुप्पट लोकांना पाठवला, "बघा, आम्हाला वगळलं!" आमचा फोन खाली ठेवता येईना. दुपारी, मामांनी नाव घेतलेल्या पाबळच्या एका गृहस्थांच्या बहिणीनं दौंडहून फोन केला, "अहो, हे आजोबा तर माझ्या पिठाच्या गिरणीपाशी बसल्यात! कुठल्या एसटीनं आले कुणास ठाऊक. चहा पाजलाय, या घेऊन!"

अख्खी आळी ओरडली. मी त्यात सगळ्यात मोठ्यानं ओरडले, आणि गाडीत बसता बसता मामांना म्हटलंही, "हरले मी. माझी डिग्री हरली." मामा ऐकतच नव्हते. ड्रायव्हरला म्हणत होते, "जरा दाब की, बाबा."

संध्याकाळी ओसरीवर थोरल्या मामांना तो व्हिडिओ दाखवला. ते मन लावून ऐकत होते. एखाद्या नावाला मान हलवत, "हे आपलंच घर," म्हणत. स्वतःच्या फोटोवरून त्यांची नजर नुसतीच पुढे गेली. संपल्यावर त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं.

"लई मानसं गोळा केली की. आन् पाव्हनं, तुमी कोन?"

माईकवर जन्मात न अडलेले मामा अडले.

"मी... तुमचा धाकटा."

"बरं, बरं," म्हणत थोरले मामा घोंगडीवर थोडे सरकले. "मग हुबं का? बसा की."

मामा बसले. अगदी खेटून.