कवळीवालीची थोरली

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक चिंचोळी खोली होती. तिथे ती कवळ्या बनवायची. प्लास्टरच्या साच्यावर मेण चढवायचं, त्यात एकेक दात ओळीने बसवायचा आणि शेवटी घासून घासून अशी चकाकी आणायची, की म्हाताऱ्यांना गेलेलं तरुणपण तोंडात घातल्यासारखं वाटावं. टोचते म्हणून चारदा परत आलेली कवळीही ती न कुरकुरता पुन्हा घासायला घ्यायची. सगळे तिला कवळीवालीच म्हणत. "बाईंचा संयम बघा!" डॉक्टर आल्यागेल्याला सांगायचे. घरी तो संयम सकाळी सातपर्यंत पुरला तरी खूप झालं.

तिला दोन मुली. थोरली लहानपणी नुसती हट्टी वाटायची. आठव्या वर्षी तिने वर्गातल्या एका मुलीच्या दंडाचा लचका तोडला. अकराव्या वर्षी, भिंतीतली बाई आपल्याला शिव्या देते म्हणून, तिने न्हाणीघराच्या फरशा हातोडीने फोडल्या. मनाच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, त्या बदलल्या, पुन्हा बदलल्या. शाळेने दाखला हातावर ठेवला. सासू म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं कुणी नव्हतं," आणि तिने येणंजाणं बंद केलं. शेजारीण म्हणाली, "दोन ठेवून द्या, सुतासारखी सरळ येईल."

कवळीवालीने तेही करून पाहिलं. एकदा नाही, कितीदा तरी. मार बसला की थोरली हसायची, आणि ती हसली की हिचा हात थांबायचा नाही. मग आरशासमोर उभी राहून ही आपल्या लाल झालेल्या तळव्याकडे बघत बसायची.

नवऱ्याने दूरच्या कारखान्यात बदली मागून घेतली.

"कुणीतरी कमवायला हवं ना," तो म्हणाला.

"आणि मी काय इथे नुसते दात काढत बसते?"

त्याला हसू आलं, पाठोपाठ तिलाही. दोघं एकत्र हसली ती तेव्हा शेवटची. त्यानंतर तो आला तो पाहुण्यासारखा, बुटांच्या नाड्यासुद्धा न सोडता.

धाकटी तेव्हा सात वर्षांची होती. कपाटात बसून, दार आतून ओढून धरून ती अभ्यास करायची. एका दुपारी थोरलीने तिचा तळहात तापलेल्या इस्त्रीवर दाबून धरला. कारण काय, तर ती गुणगुणत होती. कवळीवाली दवाखान्यातून धावत आली तेव्हा पोर रडत नव्हती. रडलं की ताई आणखी चिडते, हे तिला पाठ झालं होतं. हाताला पट्टी बांधून त्याच दिवशी तिला मावशीकडे पोचवलं.

"मी काय केलं?" धाकटीने विचारलं.

"काही नाही गं. पंधराच दिवस."

"मग मी का जायचं?"

आईने तिच्या कपड्यांची पिशवी आपल्या बहिणीच्या हातात दिली आणि मागे न बघता जिना उतरली. त्या पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली.

'दात घशात घालीन' असं माणसं भांडणात नुसतं म्हणतात. थोरलीने ते करून दाखवलं. चौदा वर्षांची होती. सकाळची गोळी पुढे केली, तसा तिने स्टीलचा जग उचलून आईच्या तोंडावर हाणला. समोरचे दोन दात गेले. रक्त थुंकत कवळीवाली म्हणाली, "जन्मलीसच कशाला तू? मेली असतीस तर आम्ही तिघं सुखाने जगलो असतो."

थोरली एकदम शांत झाली. तिने फडकं ओलं करून आणलं आणि आईच्या हातात दिलं.

"मलाही तसंच वाटतं गं," ती म्हणाली. "पण भिंतीतली बाई म्हणते, आधी तू."

दुसऱ्या दिवशी कवळीवालीने स्वतःच्याच जबड्याचं माप घेतलं. एक म्हातारं गिऱ्हाईक म्हणालं, "काय बाई, आता आपल्याच मालाची जाहिरात?" तोंडावर हात धरून ती हसली. आठवड्याभरात तिने मनोरुग्णालयाच्या कागदांवर सही केली.

फाटकापाशी थोरली तिला बिलगली. "आई, गोळ्या घेईन. शप्पथ, रोज घेईन." कवळीवालीने तिची बोटं एकेक करून सोडवली. परतताना बसमध्ये तिला इतकी गाढ झोप लागली, की शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने हलवून उठवलं. अंग हलकं झालं होतं. त्याची लाज वाटायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

महिन्याने ती भेटायला गेली. नर्स म्हणाली, "गुणाची आहे हो तुमची मुलगी. स्वतःहून गोळ्या घेते, इतरांच्या वेण्या घालते." तेवढ्यात थोरली दारात आली, आईला पाहिलं आणि स्वतःच्या मनगटाला कडकडून चावली. दोघींनी मिळून तिला आत नेलं. डॉक्टरांनी हळूच सांगितलं, "काही महिने तुम्ही आला नाहीत, तर तिच्या दृष्टीने बरं."

"बरं," ती म्हणाली. "जेवते ना?"

"पोटभर."

मग ती धाकटीला आणायला गेली. निघण्याआधी तिने आपल्या घराला रंग दिला होता, कपाटाचं दार काढून टाकलं होतं. धाकटी मावशीच्या पाठीमागे उभी राहिली.

"आई, ही मला आत्ताच नेणार का?"

हे ती मावशीला विचारत होती.

"अगं, आई ती," मावशी ओशाळून म्हणाली.

"ताई बरी झाली की मला परत पाठवशील?" धाकटीने आता खऱ्या आईला विचारलं.

"नाही. कधीच नाही."

"मागच्या वेळी पंधरा दिवस म्हणाली होतीस."

कवळीवालीने आणलेला फ्रॉक काढला. तो दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा निघाला. घडी करून तिने तो पिशवीत परत घातला आणि चहा संपवला.

"शनिवारी येऊ का?" तिने बहिणीला विचारलं.

"ये की," बहीण म्हणाली. "पण आधी फोन कर."