निवृत्ती गाडीवानाच्या चुकांची यादी

वैशाख वद्य द्वितीया, निजामी दफ्तराप्रमाणे तीर महिना. नगरहून सकाळी सहाला लॉरी सुटली. हजर असामी तीन: मी, ड्रायव्हर निवृत्ती, वय चाळीस, राहणार नांदूरघाट, आणि हँडल मारून इंजिन सुरू करणारे बाबूमियाँ, वय पन्नासच्या पुढे. माल: मिठाची पोती आठ, लोखंडी पत्रे तीस, रॉकेलचे डबे सहा. पोचवायचे ठिकाण माजलगाव, उद्या दुपारपर्यंत.

लॉरी माझ्या मेहुण्यांची. निघताना त्यांनी मला कोरी वही दिली. "याने वीस वर्षं बैलगाडी हाकली, मोटार फक्त सहा महिने. जी जी चूक करील ती लिहून आणा. यादी पाहून ठरवतो, याला ठेवायचं की मुंबईचा माणूस आणायचा." निवृत्ती शेजारीच उभा होता. त्याने सगळे ऐकले, पुढच्या चाकाला हात लावून नमस्कार केला आणि जागेवर बसला. बैलजोडी विकून तो या नोकरीत आला होता. परत जायला त्याच्याकडे गाडी नव्हती.

पहिली चूक नगरच्या वेशीबाहेरच झाली. समोर म्हैस आडवी आली. ब्रेकवर पाय द्यायचा सोडून निवृत्तीने स्टेअरिंग कासऱ्यासारखे छातीशी ओढले आणि "हो! हो!" असे ओरडला. लॉरी सरळ बाभळीत गेली. म्हशीने मान वळवून पाहिले.

"अरे भई, इसको कान नहीं हैं," बाबूमियाँ अंगातले काटे काढीत म्हणाले.

"बैल असता तर थांबला असता," निवृत्ती म्हणाला. मी हसत हसत लिहून घेतले.

निजामी हद्दीवर करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यावर दीड तास मोडला. पुढे रस्ता खडबडीत होता आणि मुलूख भकास. दोन वर्षे पाऊस नीट झाला नव्हता. विहिरींवर मोटा उभ्या, पण नाडे कोरडे. एका ओढ्याच्या वाळूत लॉरीची मागची चाके जागीच फिरू लागली. खाली उतरून पाहतो तो सगळे मीठ पुढच्या अंगाला रचलेले.

"हे असं का?"

"उलार होऊ नये म्हनून," निवृत्ती म्हणाला. (गाडीत मागे ओझे जास्त झाले की जू वर उचलते, त्याला उलार म्हणतात.)

"जू कुठं आहे इथं?"

त्याने खरोखरच पुढे वाकून पाहिले. मी पोती मागे घ्यायला लावली. चूक दुसरी.

दुपारी एका लिंबाखाली त्याने न विचारता लॉरी थांबवली. इंजिन दमले होते म्हणे. चूक तिसरी. तिथे कडब्याच्या चार बैलगाड्या सोडलेल्या होत्या. गाडीवानांनी त्याला ओळखले.

"काय बे निवृत्ती, वैरण टाकली का तुज्या बैलाला?"

"राकेल पितंय ते."

"आन् शेण?"

"टाकत न्हाई."

"मंग रानाला काय घालावं बे, धूर?" सगळे हसले. एक म्हातारा मात्र हसला नाही. "आमाला आता नगरचं भाडं मिळंना. तुज्या एका फेरीत आमच्या धा गाड्या बसल्या घरी," एवढेच म्हणून तो बैलांकडे गेला. निवृत्ती येऊन पुन्हा जागेवर बसला.

चौथी चूक उतारांवरची. जरा उतार दिसला की तो लॉरी उभी करी, इंजिन तसेच सुरू ठेवून खाली उडी मारी आणि चाकाखाली धोंडा सरकवी. मग पुढे जाऊन रस्ता पाहून येई. बीडपर्यंत असे अकरा वेळा झाले.

दिवस मावळायच्या आत बीडला पोचलो. बिंदुसरा नदीत एक डोह तेवढा शिल्लक होता. निवृत्ती थेट लॉरी तिकडे वळवू लागला.

"कुठे चाललास?"

"चाकं भिजवतो. आरे लाकडाचे हायती. उन्हानं आटले, करकर वाजाया लागले. रातभर पाण्यात ठिवलं म्हंजी फुगत्यात, घट बसत्यात."

"अरे, मोटार म्हणजे म्हैस नव्हे, डोहात बसवायला! इंजिनात पाणी जाईल."

"निस्ती मागची चाकं घालतो. लई न्हाई."

"नको. पहाटे डोहातून बाहेर निघाली नाही तर?"

त्याने लॉरी रस्त्यावर घेतली. ज्वारीची भाकरी आणि जहाल ठेचा खाऊन मी पाचवी चूक लिहिली आणि झोपलो.

सकाळी वडवणी गाठली. बाजाराचा दिवस होता, पण बाजार म्हणावा असा नव्हताच. जनावरे विकायला आलेली, घेणारा कोणी नाही. गावाबाहेर पडल्यावर लांब उतार लागला. मी म्हणालो, "आता धोंडा नको. उशीर झालाय." निवृत्तीने मान डोलावली.

अर्ध्या उतारावर मागच्या डाव्या चाकातून करकर असा मोठा आवाज आला आणि आरे एकामागून एक निखळू लागले. मिठाच्या भाराने लॉरी मागून कलली आणि नाल्याकडे घसरू लागली. मी त्याच बाजूला बसलो होतो. बाबूमियाँनी ब्रेक धरला, पण घसरण थांबेना. निवृत्ती केव्हा उतरला ते मला दिसले नाही. धोंडा चाकाखाली गेला, लॉरी हिसका देऊन थांबली. त्याचा उजवा हात धोंडा आणि चाक यांच्यामध्ये होता.

बाजाराला जाणाऱ्या दोन गाड्या थांबल्या. चौघांनी खांदे लावून चाक उचलले. तीन बोटे उरली नव्हती. एका गाडीवानाने आपले धोतर फाडून हात बांधला, गाडीतले धान्य उतरवून कडबा अंथरला. दुसऱ्याने निखळलेला आरा उचलून अंगठ्याने दाबून पाहिला.

"वाळून कोळ झालाय. कावून न्हाई भिजवला बे? तू तर गाडीवान."

मी तिथेच उभा होतो. निवृत्तीने माझ्याकडे पाहिले नाही.

"पाणी न्हवतं," तो म्हणाला.

"बिंदुसरेला डोह हाय की."

"ध्यान न्हाई राहिलं."

गाडीवान चक चक करत बैल जुंपायला गेला. मी काहीच बोललो नाही. बोलायला वेळ भरपूर होता. बीडचा दवाखाना गाठायला दुसरी दुपार उजाडली. वाटेत त्याने एकदाच विचारले, "दोन बोटांत बी ष्टेरिंग धरता येतंय. मालक ठिवतील का?" मी म्हणालो, "बघू."

माल बैलगाड्यांनीच माजलगावला गेला. मी टांग्याने आणि पुढे मिळेल त्या गाडीने नगरला परतलो. ज्या रस्त्यावर जाताना पोट धरून हसलो, त्यावर येताना प्रत्येक उताराला मी खाली उतरून चाललो. लॉरी नवी आणि माणूस जुना, एवढेच मला जाताना दिसले होते. त्या जुन्या माणसाला लाकूड कळत होते.

मेहुणे रोज यादी मागतात. मुंबईच्या माणसाला त्यांनी अजून होकार कळवलेला नाही, यादीसाठी थांबलेत. मजकूर तयार आहे, फक्त पाचवी चूक खोडायची, ती कोणाची ते लिहायचे आणि खाली सही करायची. परतल्याला आज अकरावा दिवस. दौत भरून ठेवली आहे.